आत्मचरित्र म्हणजे काय? सीमाभागातल्या लिहू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण जमतो आणि आपापल्या आयुष्याबद्दल लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतो. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, फौंड्रीत तीस वर्षं काढलेले एक काका आहेत, वडगावचे विणकर आहेत, आणि निपाणीहून येणाऱ्या, तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या एक मावशी आहेत. नवं कुणी आलं की तेच तेच प्रश्न विचारतं. ते प्रश्न आणि आजवर दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

आत्मचरित्र म्हणजे नेमकं काय?

माणसाने स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहत स्वतःच सांगितलेली हकीकत म्हणजे आत्मचरित्र. फिलिप लेजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये याची एक नेटकी खूण सांगितली. पुस्तकावर ज्याचं नाव आहे, जो ‘मी’ म्हणून सांगतो आहे आणि ज्याच्या आयुष्यात हे सगळं घडलं, ती तिन्ही माणसं एकच असली पाहिजेत. लेखक वाचकाला तसा शब्द देतो. लेजून त्याला करार म्हणतात.

व्याख्या म्हणून हे पुरेसं आहे, पण लिहायला बसलं की ती तीन माणसं एक राहत नाहीत. अनगोळहून अनवाणी शाळेला जाणारा आठ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याबद्दल लिहिणारे अडुसष्ट वर्षांचे आजोबा यांचं नाव तेवढं एक असतं. त्या दिवशी आई चुलीपुढे बसून का रडत होती हे मुलाला ठाऊक नव्हतं. आजोबांना ते ठाऊक आहे, कारण मधल्या काळात त्यांच्याही घरात कर्ज झालं आणि त्यांनीही मंगळसूत्र गहाण ठेवलं. आत्मचरित्र या दोघांच्या मधल्या जागेत घडतं. नुसता मुलगा बोलला तर ती बालकथा होते, नुसते आजोबा बोलले तर उपदेश होतो.

चरित्र, आत्मकथन, आठवणी, रोजनिशी यांत फरक काय?

चरित्र दुसऱ्याने लिहायचं, कागद आणि साक्षी गोळा करून. रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिली जाते, उद्या काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तिच्यात ताजेपणा असतो आणि आकार नसतो. आठवणींत लिहिणाऱ्याची नजर बाहेर असते, भेटलेल्या माणसांवर आणि पाहिलेल्या काळावर. आत्मचरित्रात ती स्वतःवर वळते.

‘आत्मकथन’ हा शब्द मराठीत विशेष रुळला तो दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या पुस्तकांमुळे. चरित्र म्हटलं की थोर पुरुष, जन्म ते कीर्ती असा प्रवास डोळ्यांसमोर येतो. या लेखकांना तसं काही सांगायचं नव्हतं. जे सोसलं ते सांगायचं होतं, आणि पस्तिशी-चाळिशीतच सांगायचं होतं. मला हा शब्द जास्त जवळचा वाटतो. बैठकीत मात्र कुणी काहीही म्हणालं तरी चालतं. निपाणीच्या मावशी ‘माझं पुराण’ म्हणतात.

हा प्रकार इंग्रजांबरोबर आला ना?

छापील गद्य पुस्तकाच्या रूपात बराचसा हो. पण स्वतःबद्दल सांगणं आपल्याकडे त्याआधीचं आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी अभंगांतून आपलं लहानपण, लग्न, नवऱ्याचा मार, तुकोबांची ओढ, एवढंच काय मागचे जन्मही सांगितले आहेत. अठराव्या शतकात नाना फडणवीसांनी आपलं आत्मवृत्त लिहिलं. लांबीला थोडं, पण स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाबद्दल त्यात जो मोकळेपणा आहे तो पुढच्या काळातल्या जाडजूड पुस्तकांतही सापडत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर बाबा पदमनजी घ्या. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे म्हणून त्यांचं नाव शाळेत पाठ केलेलं असतं, पण ते १८३१ मध्ये बेळगावात जन्मले हे इथल्याच पुष्कळांना माहीत नसतं. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र म्हणजे एका मनाच्या धर्मांतराची हकीकत आहे. घरच्या श्रद्धेतून बाहेर पडताना कुठे कुठे तुटलं, ते त्यात येतं. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत ते मोडतं.

दुसरं नाव गंगाधरराव देशपांडे यांचं. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या उभारणीत ते पुढे होते. लोक त्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणत. या कर्नाटक सिंहाने आपली ‘माझी जीवनकथा’ मराठीत लिहिली. भाषेचा प्रश्न आला की मला दरवेळी त्यांची आठवण होते.

मी काही मोठा माणूस नाही. माझं कोण वाचणार?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा तो बायका विचारतात.

मराठीत आजही आवडीने वाचलं जाणारं आत्मचरित्र कुणाचं, तर लक्ष्मीबाई टिळकांचं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई शाळा शिकल्या नव्हत्या, लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या. नवरा कवी म्हणून गाजलेला होता. पण पुस्तक उघडलं की लक्षात राहतात त्या लक्ष्मीबाई, त्यांचं बोलणं, रागावणं, फसणं.

मग १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि मोठा माणूस ही अटच गळून पडली. १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं. १९८६ मध्ये बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. नावातलं ‘आमुचं’ नीट वाचा. त्यांनी ‘माझं’ म्हटलं नाही. फलटणला छोटं दुकान चालवत, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिलं, आणि त्यात एका बाईपेक्षा एक अख्खी वस्ती बोलते. आत्मचरित्रातला ‘मी’ एकट्याचाच असतो हे पाश्चात्त्य अभ्यासकांनी फार काळ गृहीत धरलं होतं. आपल्याकडच्या बायकांनी आणि दलितांनी ते गृहीत न धरताच लिहिलं.

आपल्या शेजारी कागलला आनंद यादव वाढले. ‘झोंबी’ (१९८७) मध्ये शाळेसाठी बापाशी झगडणारं एका गरीब शेतकऱ्याचं पोर आहे, एवढीच गोष्ट आहे. ती चारशे पानं वाचताना कुणालाही ‘हा कोण मोठा’ असा प्रश्न पडत नाही. आणि निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. तेव्हा गिरणी, वखार, माग, फौंड्री ही लिहिण्याच्या आड येणारी ठिकाणं आहेत असं निदान या भागात तरी कुणी म्हणू नये.

सगळं खरंच लिहावं लागतं का? जे नीट आठवत नाही त्याचं काय?

इथे मला माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगायची आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते आयुष्यभर सांगत, ‘राज्य बदललं म्हणून आमची शाळा बंद ठेवली होती. गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.’ त्यांचं बोलणं उतरवून घेताना मी जुनं पंचांग पाहिलं. त्या वर्षी दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात होती. शाळा दिवाळीच्या सुट्टीमुळे बंद असणार. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘आम्ही किल्ला करत होतो की, चिखलानं हात भरलेले माझे.’

मग वडील खोटं बोलले का? मी आठवडाभर अडलो होतो. शेवटी तिन्ही गोष्टी लिहिल्या: वडिलांचं म्हणणं, पंचांग आणि आत्याचा किल्ला. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात दिवाळीची सुट्टी पुसली गेली आणि तिच्या जागी मोठ्यांच्या चेहऱ्यावरची शांतता बसली. का बसली, हा त्या प्रकरणाचा विषय झाला. पंचांग पाहून नुसती चूक दुरुस्त केली असती तर एक तारीख बरोबर झाली असती आणि वडील हातचे गेले असते.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या धरतो. तपासता येईल ते तपासा: सन, गावाचं नाव, कोण तेव्हा हयात होतं. तिथे चूक राहिली तर वाचकाचा विश्वास उडतो. आणि तपासल्यावरही आठवण वेगळंच सांगत असेल तर तिला गप्प करू नका, ‘मला असं आठवतं’ म्हणून लिहा. न घडलेलं मुद्दाम रचणं मात्र वेगळं. तिथे वाचकाला दिलेला शब्द मोडतो.

काळ मध्ये गेल्याने आठवण वाया जात नाही, याला गोडसे भटजी साक्षी आहेत. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी उत्तरेचा प्रवास केला, तो कागदावर उतरवला जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आणि ‘माझा प्रवास’ छापून निघालं १९०७ मध्ये.

कुठल्या भाषेत लिहू? माझं मराठी शुद्ध नाही.

हा प्रश्न पुण्यात कुणी विचारत नसेल. इथे दर दुसरा माणूस विचारतो, आणि विचारताना आवाज खाली आणतो.

आपलं बोलणं कसं आहे ते आधी पाहू. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड-उर्दू एकात एक, शाळेत एक माध्यम आणि कचेरीत दुसरं. डब्यात बांधून नेतो ती ‘बुत्ती’. थोरल्या बहिणीला कितीतरी मराठी घरांत ‘अक्का’ म्हणतात. आणि आपल्याकडचं ‘खरं’! ‘जेवलो खरं पोट भरलं नाही.’ ‘तो आला होता खरं काही बोलला नाही.’ महाराष्ट्रात इतरत्र जिथे ‘पण’ म्हणतात तिथे आपण ‘खरं’ म्हणतो. बैठकीतल्या एका ताईंचं लिखाण त्यांच्या पुण्यातल्या भाच्याने तपासून दिलं, तेव्हा सगळे ‘खरं’ खोडून ‘पण’ केले होते. ताईंनी ते वाचून दाखवलं आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, ‘हे बरोबर आहे, खरं मी नव्हे ही.’

आत्मचरित्राच्या स्वभावाबद्दल एवढं नेमकं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. कादंबरीत लेखक पात्राला भाषा देतो. आत्मचरित्रात भाषा हीच ते पात्र असते. तुमच्या बोलण्यातला कन्नड शब्द, कन्नड हेल, आईकडून आलेला कोकणी शब्द हे कुठल्या गावात कुणाच्या शेजारी वाढलात याचे पुरावे आहेत. ते पुसले की पुस्तकात तुमच्या जागी भलताच कुणीतरी वावरायला लागतो.

माझं म्हणणं असं: निवेदन सरळ, साऱ्या मराठी वाचकांना कळेल असं ठेवा. माणसं बोलतील तेव्हा ती जशी बोलली तशीच बोलू द्या. कन्नड वाक्य आलं तर देवनागरीत लिहा आणि अर्थ पुढच्या वाक्यातून आपसूक कळेल असं करा. शब्दार्थांची यादी जोडू नका. वाचक इतका परका नसतो.

ज्यांचं शिक्षण पूर्ण कन्नडमध्ये झालं आणि मराठी फक्त तोंडची आहे, त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं तरी ते त्यांचं आत्मचरित्रच. काकासाहेब कालेलकरांची मातृभाषा मराठी, लहानपणाचे काही दिवस शहापूर-बेळगावकडे गेलेले, आणि बालपणाच्या आठवणी त्यांनी गुजरातीत लिहिल्या. पण मला मनापासून वाटतं की एकदा मराठीत बोलून पाहावं, फोनवर ध्वनिमुद्रण करून. ज्या भाषेत आईने हाक मारली त्या भाषेत काही गोष्टी दुसऱ्या भाषेच्या आधी वर येतात.

सीमाप्रश्नाबद्दल किती लिहावं?

तुमच्या दारातून आत आला असेल तेवढा. सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा, हे वर्तमानपत्रांत आणि ग्रंथांत आहे. ते पुन्हा उतरवलेली प्रकरणं बैठकीत वाचली जातात तेव्हा ऐकणाऱ्यांचे डोळे मिटू लागतात, आणि लिहिणाऱ्याचं दुःख खरं असूनही पोचत नाही. राज्य बदलल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत तुम्ही कुणाचा हात धरून चालत होता? दंडाला बांधायची काळी फीत कशाची फाडली होती? घरी परतल्यावर शेजारच्या कन्नड काकूंशी तुमची आई बोलली का? हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

शहापूरच्या एका आजोबांनी लिहिलं की त्यांनी घर कधीच बदललं नाही, पण सांगली संस्थान, मुंबई राज्य, म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक, अशा चार नावांखाली ते त्याच ओसरीवर बसले. त्या एका परिच्छेदात सीमाप्रश्न जेवढा कळतो तेवढा शंभर पानी अहवालात कळत नाही.

रागही लिहावा. तो दाबून गोड लिहिलेलं मला आवडत नाही. फक्त तुमच्या रागात समोरच्या माणसाचा चेहरा दिसत राहू द्या.

जुने कागद कुठे शोधायचे?

आधी घरातच. शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा उतारा, लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या, भिंतीवरचे फोटो आणि फोटोंच्या पाठी. काही घरांत आजोबांचे कागद मोडी लिपीत, वडिलांचे देवनागरीत आणि आपले कन्नडमध्ये असतात. ती थप्पी नुसती मांडली तरी एक प्रकरण होतं. गावाचा काळ समजून घ्यायचा तर वाचनालयांत बसा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे.

घरच्या माणसांबद्दल लिहावं का?

त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही, आणि त्यांनी ते मागितलेलं नसतं. याला सोपं उत्तर नाही.

बैठकीतल्या एका बाईंनी सासूने दिलेला त्रास सविस्तर लिहिला. सासू आता नाहीत. वाचून झाल्यावर फौंड्रीतल्या काकांनी विचारलं, ‘त्या कितव्या वर्षी विधवा झाल्या होत्या?’ एकोणिसाव्या. बाईंनी पुढच्या रविवारी तेच प्रकरण पुन्हा आणलं. त्रासाचा एकही शब्द कमी केला नव्हता, फक्त आधी दोन पानं सासूच्या एकोणिसाव्या वर्षाची जोडली होती. मी ऐकलेलं ते सगळ्यात न्याय्य लिखाण.

हयात माणसांच्या बाबतीत आम्ही नावं बदलतो, गाव बदलतो, आणि ज्यांना सांगता येतं त्यांना आधी वाचून दाखवतो. आजारपण, जात, पोरांची लग्नं यांतलं एखादं गुपित फुटून कुणाचं आयुष्य विस्कटणार असेल तर ते माझ्या मते वगळावं. स्वतःला झाकायला मात्र ही सवलत वापरू नये. दुसऱ्याला वाचवताना आपणच स्वच्छ दिसायला लागलो, की समजावं कुठेतरी कात्री चुकली.

त्यापेक्षा कादंबरी लिहिली तर?

लिहा की. प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टींत या भागातलं लहानपण, इथलं बोलणं आणि तलम हळवेपणा जसा उतरला आहे तसा आत्मचरित्रांतही क्वचित उतरला. संत बेळगावात वाढले, पण लंपन म्हणजे मीच असा शब्द त्या गोष्टी वाचकाला देत नाहीत. तिथे रचायची मोकळीक मिळते. बदल्यात ‘हे माझ्यावर गुदरलं’ म्हणून उभं राहण्याचं बळ सोडावं लागतं. मारहाण, उपासमार, अपमान यांची साक्ष द्यायची असेल तर मी आत्मकथनच निवडेन.

आईला लिहिता येत नाही. तिचं मी लिहिलं तर ते आत्मचरित्र का?

आई बोलते, तुम्ही उतरवता. लेखिका तीच. पुस्तकावर तसंच छापा: सांगितलं आईने, उतरवून घेतलं मुलाने. तिच्या वाक्यांचा क्रम शक्यतो हलवू नका. बायका पुष्कळदा सनावारीने सांगत नाहीत. ‘थोरलीच्या वेळी’, ‘म्हैस आणली त्या साली’, ‘पुराच्या आदल्या वर्षी’ असं सांगतात. हा त्यांचा काळ मोजायचा हिशेब आहे, तो तसाच ठेवा आणि गरज पडली तर कंसात सन द्या. तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्या. माहेराबद्दल जे ती मुलाला सांगणार नाही ते ओवीत बिनदिक्कत म्हणते.

आणि उद्यावर टाकू नका. निपाणीच्या मावशींची थोरली बहीण १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसलेली होती. तिचं बोलणं घ्यायचं घ्यायचं म्हणत आम्ही एक पावसाळा घालवला. तो तिचा शेवटचा पावसाळा होता.

सुरुवात कुठून करू?

जन्मतारखेपासून नको. ज्या जागेचा वास आजही आठवतो तिथून करा. वखारीतली तंबाखूची भुकटी, मागाचं तेल, कुंद्याची मिठाई आटवताना गल्लीभर सुटणारा वास, काहीही.

शेवट कसा करायचा? आयुष्य तर चालूच आहे.

बनारसीदास नावाच्या जैन कवीने १६४१ मध्ये ब्रजभाषेच्या वळणाच्या हिंदीत आपली जीवनकहाणी पद्यात लिहिली. वय पंचावन्न. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरून त्यांनी पुस्तकाला नाव दिलं ‘अर्धकथानक’. उरलेली अर्धी कथा त्यांनी लिहिली नाही. चरित्रकाराला मृत्यूपर्यंत जाता येतं, आत्मचरित्रकाराला ती सोय नाही. तेव्हा पूर्ण झालं का, हे विचारू नका. ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो होतो ती सांगून झाली की हात थांबवा.

शेवटच्या पानावर तारीख, वय आणि गाव लिहा. ‘गावाचं नाव कसं लिहू, कागदोपत्री २०१४ पासून बेळगावी आहे’, असं परवा एका आप्पांनी विचारलं. त्यांना म्हटलं, एस.टी.त बसल्यावर कंडक्टरला कुठलं तिकीट मागता? त्यांनी वही पुढे ओढली आणि लिहिलं: बेळगाव, वय ७४.